लग्नाविना एकत्र राहताय? मराठवाड्यातल्या जोडप्यांनी हक्क आणि कागद असे सांभाळावेत

तहसील कचेरीबाहेर टेबल टाकून बसलेल्या टायपिस्टाला सांगून बघा, "आम्हाला लग्न न करता एकत्र राहायचंय, काहीतरी कागद करून द्या." तो पाचशेचा बाँड पुढे ओढेल, "आम्ही दोघे सज्ञान असून राजीखुशीने" असा मजकूर बडवेल, बाजूचा नोटरी शिक्का मारेल आणि तुम्ही घडी खिशात घालून निघाल. लातूर असो की हिंगोली, हेच चालतं. ऑक्टोबर 2024 पर्यंत शंभराच्या बाँडवर भागायचं, आता पाचशेचा लागतो, एवढाच काय तो फरक.

या कागदाने लग्न लागत नाही आणि कुणाचं आधीचं लग्न मोडतही नाही. नोटरीला लग्न लावण्याचा किंवा घटस्फोट देण्याचा अधिकारच नाही, हे केंद्रीय विधी मंत्रालयाने 2024 साली पुन्हा बजावलंय. तो कागद अगदीच फुकट जातो असंही नाही. भाडं कोण किती भरणार, डिपॉझिट कोणाचं, गाडी-फ्रीज कोणाच्या पैशाचं हे त्यात लिहिलं असेल तर पुढे वाटणीच्या वेळी कामी येतं. पण कोर्टात निकाल फिरतो तो वेगळ्याच गोष्टींवर, आणि त्यांची तयारी भांडण होण्याआधी करावी लागते.

कायदा नेमका कुठे आहे

महाराष्ट्रात लिव्ह-इनसाठी वेगळा कायदा नाही. बराच काळ पत्नीसारखी राहिलेल्या बाईला पत्नीचा दर्जा द्यावा, असा प्रस्ताव 2008 साली राज्य मंत्रिमंडळाने मंजूर केला होता. त्याचा कायदा काही झाला नाही. उत्तराखंडात 2025 पासून अशा जोडप्यांना नोंदणी सक्तीची आहे, आपल्याकडे नाही. त्यामुळे "लिव्ह-इन रजिस्टर करून देतो" म्हणून कोणी पैसे मागितले तर सरळ उठून यावं.

एकत्र राहणं गुन्हा नाही, ही गोष्ट मात्र पक्की आहे. सर्वोच्च न्यायालयाने 2006 च्या लता सिंग निकालात आणि 2010 च्या खुशबू निकालात ते स्वच्छ सांगितलं. 2018 साली न्यायालय आणखी पुढे गेलं: मुलगा 21 चा झाला नसेल, म्हणजे त्याचं लग्नाचं वय भरलं नसेल, तरी दोघंही 18 च्या वर असतील तर त्यांना एकत्र राहता येतं. बाकीचे हक्क मात्र घरगुती हिंसाचाराचा कायदा, पोटगीचं कलम, वारसा कायदा, भाडे कायदा अशा निरनिराळ्या घरांतून गोळा करावे लागतात.

पहिली पायरी: वयाचा दाखला

मुलगी किंवा मुलगा 18 च्या आत असेल तर पुढचं काहीच लागू होत नाही. तिथे संमतीला अर्थ नाही, पोक्सो (मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरोधातला कायदा) लागतो आणि अपहरणाचा गुन्हाही लागतो. "घरच्यांनीच लग्न ठरवलं होतं, आम्ही फक्त आधी निघालो," हा बचाव चालत नाही.

वय सिद्ध करताना आधार कार्ड पुढे करू नका, ते जन्मतारखेचा पुरावा धरत नाहीत. शाळेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र, ते नसेल तर ग्रामपंचायत किंवा नगरपालिकेचा जन्मदाखला. इथे आपल्या भागातली एक जुनी अडचण येते. गुरुजींनी शाळेत घालताना अर्ध्या गावाची जन्मतारीख 1 जून लिहून ठेवलेली असते. दाखल्यावर तुम्ही 18 चे व्हायला दोन महिने कमी असाल आणि आई सांगत असेल की तू दिवाळीतला आहेस, तर भरवसा आईवर नको. दाखल्याची तारीख उलटेपर्यंत थांबा.

दुसरी पायरी: आधीचं लग्न खरंच संपलंय का?

माझ्या मते सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं आणि सगळ्यात कमी चौकशीही इथेच होते. "तिला सोडून दिलंय," "पंचांसमोर काडीमोड झाली," "बाँडवर फारकत लिहून घेतली," ही वाक्यं आपल्याकडे घटस्फोटाच्या हुकूमनाम्यासारखी वापरली जातात. तशी ती नाहीत. समाजाच्या रूढीनुसार घेतलेल्या काडीमोडीला हिंदू विवाह कायद्याच्या कलम 29 मध्ये जागा आहे, हे खरं. पण ती रूढी तुमच्या समाजात फार पूर्वीपासून अखंड चालत आलीय हे कोर्टात पुराव्याने सिद्ध करावं लागतं, आणि ते सोपं नसतं. पंचांच्या सह्यांचा एक बाँड तेवढ्याने पुरत नाही. मुस्लिम जोडप्यांत एका दमात दिलेला तिहेरी तलाक 2019 च्या कायद्याने रद्दबातल आहे. त्या जोरावर "मी मोकळा" म्हणता येत नाही.

यावर एवढा भर का? घरगुती हिंसाचार कायद्याचं संरक्षण "विवाहसदृश संबंधात" राहणाऱ्या बाईला मिळतं, आणि त्याच्या कसोट्या सर्वोच्च न्यायालयाने 2010 च्या वेलुसामी निकालात ठरवून दिल्यात. दोघंही लग्नाच्या वयाचे हवेत, लग्नाला मोकळे हवेत, स्वखुशीने बराच काळ एकत्र राहिलेले हवेत आणि चार लोकांत नवरा-बायकोसारखे वावरलेले हवेत. 2013 च्या इंद्रा शर्मा निकालात पुरुष विवाहित आहे हे माहीत असून बाई त्याच्यासोबत राहिली होती; न्यायालयाने ते नातं या व्याख्येत बसवलं नाही. वर्षानुवर्षं संसार केलेली बाई अशा वेळी रिकाम्या हाताने परतते.

पुरुषाने पहिलं लग्न लपवून फसवलं असेल तर गोष्ट वेगळी. महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2013 साली सांगितलं की अशी बाई पोटगीसाठी पत्नीच धरायची. म्हणून "मला माहीत नव्हतं" हे दाखवणारे मेसेज आणि साक्षीदार जपून ठेवा.

करायचं काय, तर जोडीदार आधी विवाहित असेल तर घटस्फोटाच्या हुकूमनाम्याची प्रमाणित प्रत मागा. विधुर किंवा विधवा असेल तर मृत्यूचा दाखला. हुकूमनामा नसेल आणि पहिल्या लग्नातली दोघं राजी असतील तर परस्पर संमतीचा अर्ज कौटुंबिक न्यायालयात, ते नसेल तिथे वरिष्ठ स्तर दिवाणी न्यायालयात द्यावा. त्यासाठी ती दोघं किमान एक वर्ष वेगळी राहत असली पाहिजेत. अर्जानंतरचा सहा महिन्यांचा थांबा योग्य प्रकरणात कोर्ट माफ करतं. कागद मागितला म्हणून जो रागावतो, त्याच्यासोबत खोली घेण्याआधी जरा विचार करावा.

विवाहित माणसासोबत राहणं आता फौजदारी गुन्हा नाही, व्यभिचाराचं कलम 2018 सालीच रद्द झालं. पण पहिलं लग्न कायम असताना दुसरं लावलं तर (मुस्लिम पुरुष सोडून) तो गुन्हा आहेच, आणि पहिल्या बायकोचे पोटगीचे, राहत्या घराचे हक्कही कुठे जात नाहीत.

घरच्यांकडून धोका असेल तर

मुलीच्या घरचे आधी ठाण्यात मिसिंग, म्हणजे मुलगी हरवल्याची तक्रार, देतात. काही ठिकाणी पळवून नेल्याची तक्रारही होते. त्याआधीच किंवा त्याच दिवशी दोघांच्या सहीचा अर्ज जिल्हा पोलीस अधीक्षकांकडे (छत्रपती संभाजीनगर शहरात राहत असाल तर पोलीस आयुक्तांकडे) द्या. मजकूर साधा ठेवा: आम्ही सज्ञान आहोत, वयाचे दाखले जोडलेत, स्वखुशीने एकत्र राहतो, अमुक-अमुककडून जिवाला धोका आहे, संरक्षण द्यावं. पोच शिक्क्यासह प्रत घ्या, तोच अर्ज ईमेल आणि रजिस्टर पोस्टानेही पाठवा. ठाण्यात प्रत्यक्ष जायला भीती वाटत असेल तर वकील सोबत घ्या. सज्ञान मुलीने "मला आईवडिलांकडे जायचं नाही" असा जबाब दिला की तिला जबरदस्तीने घरी पाठवता येत नाही. जबाबावर दबाव येईल असं वाटलं तर न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर जबाब नोंदवा म्हणावं.

2018 च्या शक्ती वाहिनी निकालात सर्वोच्च न्यायालयाने जिल्ह्याजिल्ह्यात विशेष कक्ष आणि सुरक्षित निवारे उभारायला सांगितलं होतं. आपल्या गृह विभागाचं त्याबद्दलचं परिपत्रक निघायला डिसेंबर 2024 उजाडला. परिपत्रक आंतरजातीय, आंतरधर्मीय जोडप्यांना समोर ठेवून आहे, म्हणून अर्जात त्याचा उल्लेख करून निवारा मागा. अधीक्षक कार्यालयात "असं काही नाही" असं उत्तर मिळालं तर तेच लेखी मागा. तरीही हालचाल नसेल तर उच्च न्यायालयाच्या छत्रपती संभाजीनगर खंडपीठात संरक्षणासाठी रिट याचिका करता येते, मराठवाड्याचे सगळे जिल्हे तिथेच येतात. जोडीदारांपैकी कोणी विवाहित असेल तर तिथेही हात आखडता घेतला जाऊ शकतो, हे धरून चाला.

दोघांपैकी एक जण अनुसूचित जाती-जमातीचा असेल आणि या जाती-जमातींबाहेरच्या माणसाकडून जातीवरून धमक्या येत असतील तर ॲट्रॉसिटी कायदा लागतो, तक्रारीत जातीचा उल्लेख स्पष्ट करा. जातपंचायतीने वाळीत टाकलं, दंड मागितला, घरच्यांना लग्नकार्यात येऊ नका म्हटलं, तर 2016 चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा आहे: तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड. असा कायदा महाराष्ट्राने पहिल्यांदा केला, आणि त्याखाली तक्रार घ्यायला ठाणेदाराला आठवण मात्र तुम्हालाच करून द्यावी लागते.

खोली आणि त्या निमित्ताने जमणारे कागद

अविवाहितांना भाड्याने देऊ नये असा कायदा नाही. घरमालक नाही म्हणू शकतो, आणि बरेच म्हणतात; त्यावर उपाय म्हणजे दुसरी खोली. मिळाल्यावर मात्र दोघांचीही नावं भाडेकरू म्हणून असलेला लीव्ह अँड लायसन्स करार नोंदणीकृत करून घ्या. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने ही नोंदणी सक्तीची आहे, जबाबदारी मालकाची आहे, आणि ती आता ऑनलाइन होते. एकाच्याच नावावर करार असला की भांडण झाल्यावर दुसऱ्याला "ही तर पाहुणी आहे" असं म्हणायला जागा राहते.

नातं सिद्ध करायचं म्हटलं की कोर्ट काय बघतं? किती काळ राहिले, एका छपराखाली राहिले का, पैसा एकत्र होता का, मुलं आहेत का, समाजात कसे वावरले. म्हणून ज्या कागदावर दोघांची नावं किंवा एकच पत्ता येतो तो प्रत्येक कागद जपा: भाडेकरार, गॅसचं पुस्तक, आधारवरचा बदललेला पत्ता, संयुक्त खातं, दवाखान्याची फाईल, मुलाच्या शाळेतला पालकांचा रकाना, सणावाराचे फोटो. बीड-धारूरकडून ऊसतोडीला साखर कारखान्यावर जाणाऱ्या जोडीचं नाव मुकादमाच्या वहीत "एक कोयता" म्हणून असतं. त्या पानाचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा, उचल (आगाऊ मजुरी) कोणाला किती मिळाली त्यासकट. मोबाईलमधल्या गोष्टी कोर्टात द्यायच्या तर सोबत साक्ष अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र लागतं, म्हणून फोन विकू किंवा फॉरमॅट करू नका.

एक गंमत इथे सांगायलाच हवी. सरकारी अर्जांतल्या रकान्यांत तुम्ही जोडपं म्हणून कुठेच बसत नाही. लाडकी बहीण योजनेत विवाहित, विधवा, घटस्फोटित, परित्यक्ता, निराधार आणि कुटुंबातली एक अविवाहित असे गट आहेत. आधी लग्न न झालेली लिव्ह-इनमधली बाई यातली शेवटचीच. आंतरजातीय विवाहाचं 50,000 रुपयांचं अनुदानही लग्न नोंदवल्याशिवाय नाही. खोटा "विवाहित" रकाना भरू नका, पुढे तोच कागद तुमच्या अंगावर येतो.

मारहाण झाली, घराबाहेर काढलं

2005 चा घरगुती हिंसाचार कायदा हा लिव्ह-इनमधल्या बाईच्या हातातला सगळ्यात धारदार कायदा आहे. मारहाणच हवी असं नाही. शिवीगाळ, पैसे अडवणं, दागिने काढून घेणं, घराला कुलूप लावणं हेही त्यात येतं. पुरुष जोडीदाराला मात्र हा कायदा वापरता येत नाही.

जीव धोक्यात असेल तर 112. सल्ला आणि आसरा हवा असेल तर 181, किंवा जिल्ह्याच्या ठिकाणचं सखी वन स्टॉप सेंटर. जखम असेल तर सरकारी दवाखान्यात जाऊन नोंद करा आणि कोणी मारलं ते डॉक्टरला नाव घेऊन सांगा. "घसरून पडले" असं सांगितलेल्या बायकांचे खटले त्या एका ओळीपायी ढिले पडतात. मग महिला व बालविकास विभागाच्या संरक्षण अधिकाऱ्याकडे जा. ते घरगुती घटना अहवाल भरतात आणि न्यायदंडाधिकाऱ्यांकडे कलम 12 चा अर्ज करायला मदत करतात. वकिलाचे पैसे नसतील तर जिल्हा न्यायालयाच्या आवारातलं जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, तालुक्याला तालुका विधी सेवा समिती, किंवा 15100 हा क्रमांक. बाईला उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो, उत्पन्नाचा दाखला मागितला तर हे ठणकावून सांगा.

अर्जात काय मागायचं? पुन्हा त्रास देऊ नये म्हणून संरक्षण आदेश, राहत्या घरातून काढू नये म्हणून निवास आदेश, मग घर त्याच्या एकट्याच्या नावावर असो की भाड्याचं, खर्चापाण्यासाठी रक्कम, मुलांचा तात्पुरता ताबा, भरपाई. प्रत्येक गोष्ट वेगळी लिहा, न मागितलेलं क्वचितच मिळतं. सोबत कलम 23 खाली अंतरिम आदेशाचा अर्जही त्याच दिवशी द्या. पहिली तारीख साधारण तीन दिवसांत आणि निकाल साठ दिवसांत, असं कायदा म्हणतो. साठ दिवसांचं कोर्टात फारसं कोणी मनावर घेत नाही, म्हणून खरा जोर अंतरिम अर्जावर लावावा. संरक्षण आदेश मोडला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा 20,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

अर्ज कुठे द्यायचा याची सोयही या कायद्यात चांगली आहे. बाई सध्या जिथे राहते, तात्पुरती का असेना, तिथल्या कोर्टात चालतो. हंगामात पश्चिम महाराष्ट्रातल्या कारखान्याच्या तळावर असाल तर त्या तालुक्यात, गावी माहेरी आलात तर तिथे.

पोटगीसाठी नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 144 (जुनं 125) आहे, पण त्यात "पत्नी" हा शब्द असल्याने लिव्ह-इनमधल्या बाईची वाट तिथे खडतर होते. घरगुती हिंसाचार कायद्यात पत्नी असण्याची अट नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2018 साली पुन्हा सांगितलं. सुरुवात इथूनच करा.

लग्नाचं वचन

जुलै 2024 पासून न्याय संहितेत कलम 69 आलंय: पाळायचंच नाही असं लग्नाचं वचन देऊन शरीरसंबंध ठेवले तर दहा वर्षांपर्यंत कैद. पण वर्षानुवर्षं राजीखुशीने राहिलेलं नातं पुढे तुटलं म्हणजे फसवणूक झाली असं होत नाही, हेही सर्वोच्च न्यायालयाने वेळोवेळी सांगितलंय. सुरुवातीलाच लबाडी होती का, एवढंच बघतात. लग्न करायचं नसेल तर तसं मेसेजवर स्पष्ट लिहा, दोघांच्याही हिताचं आहे.

दिवस गेले तर, मूल झालं तर

गर्भपाताचा निर्णय सज्ञान बाईचा एकटीचा, जोडीदाराची किंवा आईबापाची सही लागत नाही. 2022 साली सर्वोच्च न्यायालयाने अविवाहितेलाही ठरावीक कारणांसाठी 24 आठवड्यांपर्यंतची मुभा विवाहितेसारखीच आहे असं ठरवलं. डॉक्टरला तुमचं नाव गुप्त ठेवणं बंधनकारक आहे.

मूल ठेवलं तर जन्म 21 दिवसांत नोंदवा, वडिलांच्या नावासह, त्यांची तयारी असेल तर. 1 मे 2024 नंतर जन्मलेल्या मुलाच्या नावात महाराष्ट्रात आईचं नाव आधी आणि मग वडिलांचं येतं. वडील नाव द्यायला तयार नसतील तरी आई एकटीच्या नावावर दाखला मिळतो, आणि 2015 च्या निकालाप्रमाणे अविवाहित आईला पालकत्वासाठी वडिलांना नोटीस द्यावी लागत नाही. पोटगी मात्र वडिलांकडून मागता येते, तिथे मूल औरस की अनौरस हा प्रश्नच येत नाही. पुढे जातपडताळणी बहुतेक वडिलांकडच्या महसुली आणि शाळेच्या नोंदींवर चालते, म्हणून नातं गोड असतानाच त्या नोंदींच्या नकला काढून ठेवा.

शेत, घर, पैसा

जोडीदार मृत्युपत्र न करता गेला तर तुम्हाला वारस म्हणून काही मिळत नाही. तलाठ्याकडे वारस नोंद लागेल ती आईची, मुलांची, पहिल्या बायकोची. मुलाचं वेगळं: आईबापाच्या स्वकष्टार्जित मिळकतीत त्याचा हक्क धरतात, वडिलोपार्जितावर 2010 च्या निकालाने नाही म्हटलं. मात्र 2022 साली सर्वोच्च न्यायालयाने दीर्घकाळ नवरा-बायकोसारख्या राहिलेल्या जोडप्याचं लग्न झालंच होतं असं गृहीत धरून मुलाला कुटुंबाच्या मालमत्तेत वाटा दिला. म्हणजे वरची ती कागदांची पिशवी मुलालाही उपयोगी पडते.

मृत्युपत्र साध्या कागदावरही चालतं, दोन साक्षीदार हवेत, आणि ज्याला मिळकत द्यायची त्याने साक्षीदार होऊ नये. नोंदणी सक्तीची नाही, तरी दुय्यम निबंधकाकडे करून घ्या; भाऊबंद आव्हान देणारच. मुस्लिम व्यक्तीला वारसांच्या संमतीविना एक तृतीयांशापेक्षा जास्त मृत्युपत्राने देता येत नाही. फ्लॅट किंवा प्लॉट घेताना खरेदीखतावरच दोघांची नावं आणि हिस्से लिहा. पुढे बक्षीसपत्र करायला गेलात तर पती-पत्नी-मुलांना राहत्या घरासाठी असलेली 200 रुपयांच्या मुद्रांकाची सवलत जोडीदाराला नाही, पूर्ण शुल्क लागतं. शिवाय वर्षभरात 50,000 च्या वर भेट मिळाली तर ती आयकरात उत्पन्न धरली जाते, कारण जोडीदार नातेवाइकांच्या व्याख्येत नाही.

शेतीचं आणखी अवघड. मराठवाड्यात निजामी राजवटीनंतरचा 1950 चा हैदराबाद कुळवहिवाट कायदा लागू आहे, आणि शेतकरी नसलेल्याच्या नावावर शेतजमीन परवानगीशिवाय करता येत नाही. ज्या जोडीदाराच्या नावावर जमीन करायची, त्याच्या किंवा त्याच्या वडिलांच्या नावे सातबारा आहे का ते आधी बघा. जमीन इनामी किंवा वर्ग 2 ची, म्हणजे सरकारी परवानगीशिवाय हस्तांतर न होणारी, असेल तर वकिलाशिवाय एक पाऊलही टाकू नका.

बँकेत नॉमिनी कोणालाही करता येतं, पण नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. पैसे हातात आले तरी वारस मागू शकतात, म्हणून मृत्युपत्रात तेच खातं लिहा. भविष्य निर्वाह निधीत कुटुंब असलेल्याला बाहेरच्या माणसाला नॉमिनी करता येत नाही, तिथे जोडीदाराचं नाव टाकून निर्धास्त राहू नका. दवाखान्यात शुद्ध हरपली तर डॉक्टर नातेवाईक शोधतात. त्यासाठी 2018 च्या निकालाने मान्य केलेलं आगाऊ वैद्यकीय निर्देशपत्र करून जोडीदाराचं नाव टाका; 2023 पासून दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याची सही पुरते.

वेगळे होताना

कोर्टाची गरज नाही, पण हिशेब लेखी करा. डिपॉझिट कोणी घेतलं, कर्जाचे हप्ते कोण भरणार, मुलाचा खर्च किती आणि कोणत्या तारखेला, यावर दोघांच्या सह्या. संयुक्त खातं बंद करा, नॉमिनी आणि मृत्युपत्र बदला, भाडेकरारातून नाव काढल्याचं घरमालकाकडून लिहून घ्या. मुलाची मूळ कागदपत्रं ज्याच्याकडे मूल राहणार त्याच्याकडे, दुसऱ्याकडे साक्षांकित प्रती. एकमेकांचे खासगी फोटो असतील तर ते पसरवणं किंवा त्यावरून धमकावणं हा गुन्हा आहे. तशी धमकी आलीच तर मेसेज खोडू नका, 1930 वर किंवा जिल्ह्याच्या सायबर ठाण्यात त्याच दिवशी तक्रार द्या.